क्रेडिट कार्डाविना विमानाचे मैल

क्रेडिट कार्ड नसले तरी मैल (विमान कंपन्या प्रवाशांना देतात ते, पुढे तिकिटासाठी वापरता येणारे बक्षीस-गुण) जमतात, कारण त्यांचा मूळ स्रोत प्रवासच आहे. प्रथम एअर इंडियाच्या महाराजा क्लब या बक्षीस-योजनेचे विनामूल्य सदस्यत्व घ्यावे (तेथे मैलांना पॉइंट म्हणतात) आणि नाव पासपोर्टवर आहे तसेच, वडिलांच्या नावासह, नोंदवावे. अन्य एका कंपनीच्या खात्यात मी मधले नाव गाळले आणि एका फेरीचे मैल महिनाभर अडकले. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात असल्याने लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सने जातानाही, तिकिटाचा बुकिंग वर्ग (भाड्याचा प्रकार दाखवणारे अक्षर) पात्र असल्यास, हाच सदस्य क्रमांक देता येतो. अतिस्वस्त तिकिटांवर मात्र पुष्कळदा नाममात्रच मैल मिळतात. मैल जमा होईपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये. मी तो पासपोर्टच्या कव्हरातच ठेवतो.