‘होणारच’ मधला ‘च’

“मॅडम, माझ्या मुलीलाही हे होणारच ना?”

संधिवाताच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसायला लागून मला सतरा वर्षं झाली. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) झालेल्या आया विचारतात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असलेल्या तरुणी लग्न ठरायच्या आधी विचारतात, पाठ आखडलेले बाप बायकोला औषधाच्या रांगेत उभं करून हळूच आत येतात आणि विचारतात. शब्द इकडचे तिकडे होतात, शेवटचा ‘च’ मात्र सगळ्यांचा तोच. माझी बैठक विवेकनिष्ठ विचारांची आहे. मी जे शिकले ते एका अक्षरात सांगायची वेळ आली तर मी या ‘च’वर बोट ठेवीन.

२०२४च्या ऑक्टोबरपासून या प्रश्नाला नवं शेपूट लागलंय. त्या महिन्यात व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रवकन या अमेरिकन शास्त्रज्ञांना मायक्रोआरएनएच्या, म्हणजे पेशीत जनुकांच्या कामाला लगाम घालणाऱ्या इवल्या तुकड्यांच्या, शोधासाठी वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्यांच्या फोनवर ‘आमवाताचं मूळ सापडलं’ अशा अर्थाचे निरोप फिरू लागले. “मुलीची ती मायक्रोआरएनएची टेस्ट करून घेऊ का?” हे मला तेव्हापासून इतक्यांनी विचारलंय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. त्यासाठी एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. मी त्यांना बाईच म्हणते, त्यांच्या शाळेतली मुलं म्हणतात तसं. सात भेटी झाल्या, त्यातलं मोजकंच इथे आहे.

बाई फलटणकडच्या. वय चौतीस, आमवात चार वर्षांचा. त्यांच्या आईलाही होता. आईची बोटं वाकडी झालेली, भाकरी थापता येत नसे. पहिल्याच भेटीत त्यांनी चार घड्या घातलेला कागद टेबलावर ठेवला. भावाने पाठवलेल्या बातमीची ती छापील प्रत होती, निळ्या पेनाने अधोरेखित केलेली.

कागद मी बाजूला ठेवला. विचारलं, “सकाळी उठल्यावर तुम्ही पहिलं काय करता?”

“मुलीची बोटं बघते.”

“म्हणजे कशी?”

त्यांनी माझाच हात हातात घेतला आणि करून दाखवलं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकेक पेर धरायचं, हलकेच दाबायचं, माझ्या चेहऱ्याकडे बघायचं, मग पुढचं पेर. दहा बोटं झाली की दोन्ही मनगटं. हे त्या वर्षभर रोज करत होत्या. मुलगी सहा वर्षांची.

“ती काही म्हणत नाही?”

“डोळे मिटलेलेच असतात, तशीच हात पुढे करते. तिला वाटतं सगळ्याच आया असं करतात.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “परवा बाहुलीची बोटं दाबत होती. ‘दुखतं का गं तुला?’ म्हणून विचारत होती. म्हणून आले.”

मी विचारलं, “आणि तुमची रविवारची गोळी?”

मेथोट्रेक्झेट ही आमवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि बाईंचा वार रविवार. दोन रविवार चुकले होते. मुलीच्या निरोगी बोटांवर रोज पहारा होता आणि स्वतःच्या सुजलेल्या बोटांचं औषध विसरलं होतं. हे मी फार घरांत पाहते. काळजी माणसाला चुकीच्या दारावर उभं करते. या आजारातून जात असलेल्या प्रत्येक आईला मी आधी हेच सांगते, की मुलांसाठी आज करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचे उपचार नीट चालू ठेवणं. पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहायच्या कित्येक महिने आधी डॉक्टरांशी बोला. मेथोट्रेक्झेट गरोदरपणात चालत नाही, ते आधी बंद करावं लागतं. पण चालणारी औषधंही आहेत आणि डॉक्टर बदलून देतात. ऐकीव माहितीवर सगळंच बंद करून बसू नका.

दुसऱ्या भेटीत आम्ही गणित मांडलं. बाई पाचवीला शिकवतात, खडू त्यांच्या हातात शोभतो. आपल्याकडे आमवात ढोबळमानाने २०० जणांत एकाला असतो. आईला, वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर धोका तिप्पट ते पाचपट धरतात.

“पाचपट!” बाईंचा चेहरा पडला.

“पटावर २०० मुली घ्या. एकीच्या जागी पाच. उरल्या किती?”

“एकशे पंच्याण्णव.” बाईंनी तोंडी सांगितलं आणि गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “पण ती त्या पाचातली असली तर?”

हा प्रश्न मी कधीही उडवून लावत नाही. ‘असं मनात आणू नका’ म्हणणारे नातेवाईक त्यांना घरी भरपूर असतात. मी जुळ्यांचं सांगितलं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ अगदी सारखी असतात. ब्रिटनमधल्या अशा जुळ्यांचा देशभराचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. एकाला आमवात असताना दुसऱ्यालाही असल्याचं प्रमाण होतं १०० जोड्यांत साधारण १५. सगळी जनुकं तीच असून उरलेल्या ८५ जोड्यांत दुसरा मोकळा. मग जनुकांच्या आणि आजाराच्या मध्ये काहीतरी आहे, बरंच काही आहे. त्यातला एक भाग म्हणजे त्या घडी घातलेल्या कागदावरचा मायक्रोआरएनए.

तिसऱ्या भेटीत कागद उघडला. त्यासाठी मी स्वतः अभ्यास केला होता, आमच्या डॉक्टरांना दोनदा भंडावलं होतं. पेशंटला जे शब्द रात्री जागवतात ते समुपदेशकाला समजलेच पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसती सहानुभूती तिथे पुरत नाही.

थोडक्यात असं. जनुक पेशीच्या केंद्रात असतं. त्यातल्या मजकुराची नक्कल होते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही नक्कल बाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए हा साधारण २२ अक्षरांचा इवलासा तुकडा. तो त्या नकलेला वाटेत गाठतो, चिकटतो आणि तिचं काम थांबवतो किंवा तिलाच मोडीत काढतो. जनुक जिथल्या तिथे, पण प्रथिन बनत नाही किंवा कमी बनतं. अॅम्ब्रोस आणि रवकन यांनी हे १९९३ साली एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत दाखवलं. कित्येक वर्षं लोकांना वाटलं, ही त्या कृमीचीच काही लकब असेल. २००० साली दुसरा असा तुकडा सापडला, तो माणसापर्यंत नाना प्राण्यांत होता, आणि तेव्हा दृष्टी बदलली. आज माणसातले असे हजारावर तुकडे माहीत आहेत. एक तुकडा अनेक जनुकांवर लक्ष ठेवतो, एका जनुकावर अनेक तुकड्यांचं लक्ष असतं.

हे सांगायला मी शाळेचा दाखला तयार ठेवला होता. मुख्याध्यापकांच्या खोलीतून निघालेली नोटीस वर्गापर्यंत पोचण्याआधी शिपाई अडवतो, वगैरे. बाईंनी मान डोलावली. ती मान मी ओळखते, पालकसभेत पालक डोलवतात ती. मी बोलायचं थांबले. आमच्या कामात सगळ्यात उशिरा जमणारी गोष्ट म्हणजे वेळेवर गप्प बसणं. मला ती जमते, हे मी आता संकोच न करता म्हणू शकते. खोलीत पंख्याचा आवाज होता. बाई निळ्या रेघांवर बोट फिरवत होत्या.

“मॅडम, हा पाटकरी आहे.”

“कोण?”

“हा तुमचा मायक्रो. आमच्या माहेरी नीरा उजव्या कालव्याचं पाणी. रात्रीची पाळी आली की वडील दारं धरायला जायचे, मी बॅटरी घेऊन मागं. धरणात पाणी असतंच. कालव्याला सुटतंही. पण पाटकऱ्याने दार टाकलं की आमच्या चारीला थेंब नाही. आणि तो झोपला, दार उघडं राहिलं, की सगळा ऊस पाण्यात.” त्या एकदम माझ्याकडे वळल्या. “म्हणजे माझ्या आईकडनं मला आलं ते धरण. रान भिजलं ते धरणामुळे एकट्या नाही.”

मी काहीच बोलले नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज वर्गात शिकवतानाचा होता. मी सतरा वर्षांत जनुकं आणि नशीब यांतला फरक समजावण्यासाठी नाना दाखले दिलेत. एकही असा बसला नव्हता. त्या दिवसापासून मी दाखले देणं कमी केलं. ज्याच्या त्याच्या रानात त्याचा दाखला असतोच, तो निघेपर्यंत आपल्याला बसता आलं पाहिजे.

आणि पाटकरी किती अचूक होता पाहा. त्यातला एक तुकडा आहे मायक्रोआरएनए १४६ए. दाह वाढवणारे पेशीतले संकेत तो दाबतो. गंमत अशी की दाह चढू लागला की तोच या तुकड्याचं उत्पादन वाढवतो, म्हणजे पाणी चढलं की दार टाकणारा आपोआप हजर. आमवाताच्या पेशंटांच्या रक्तपेशींत हा तुकडा वाढलेला सापडला, पण ज्यांना त्याने दाबायचं ते कमी झालेले नव्हते. हे मी सांगितलं तेव्हा बाई लगेच म्हणाल्या, “पाटकरी आलाय, पण दार बसत नाही.” ल्युपसमध्ये उलट दिसलं, तिथे हाच तुकडा कमी पडलेला. दुसरा आहे मायक्रोआरएनए १५५, तो दाहाला जोर देणारा. सांध्याच्या आतल्या सुजलेल्या अस्तरात तोही वाढलेला असतो. ज्या उंदरांत हा तुकडा मुळातच नव्हता, त्यांच्यात प्रयोगाने सांधेदाह घडवायला गेले तर तो झालाच नाही. हे काम २०११ सालचं.

टेस्टचं उत्तर यातूनच निघतं. रात्री दोन वाजता एका चारीवरचं एक दार पाहून वर्षभराच्या पिकाचा अंदाज कोणी देत नाही. या तुकड्यांचं रक्तातलं प्रमाण वेळेगणिक, पेशीगणिक बदलतं. निरोगी मुलीच्या रक्तातले मायक्रोआरएनए मोजून तिला पुढे आमवात होईल की नाही हे सांगणारी कुठलीही चाचणी आज डॉक्टर वापरत नाहीत. त्यांच्यावर बेतलेलं आमवाताचं औषधही अजून दवाखान्यात आलेलं नाही. संशोधन जोरात चालू आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आशा आहे. पण कोणी पैसे घेऊन असा रिपोर्ट देऊ करत असेल, तर ते पैसे मुलीच्या नावाने पोस्टात टाका.

मला वाटलं, झालं. पण पाचव्या भेटीला बाई पुन्हा पडक्या चेहऱ्याने आल्या.

“मॅडम, मग माझे पाटकरी मीच बिघडवले. डी.एड.ची जागरणं, बदलीचा ताण, जावेशी वर्षभर अबोला. माझ्यामुळेच झालं.”

पहिला ‘च’ नशिबाचा होता, हा अपराधाचा. एक उपटला की दुसरा त्याच जागी उगवतो, हे मला माहीत असायला हवं होतं. आजार हातात नाही म्हटलं की माणूस खचतो आणि थोडाफार हातात आहे म्हटलं की स्वतःला फासावर देतो. मधली जागा असते, आणि माझं बरंचसं काम त्या जागेवर सतरंजी टाकून देण्याचं आहे.

“पाटकऱ्याला नेमलं कोणी? तुमच्या वडिलांनी?”

“नाही, सरकारनं.”

“रात्री तो झोपला तर दोष वडिलांचा?”

“नाही. पण वडील पाळीला जायचे, बांध नीट ठेवायचे.”

“तेवढंच.”

या ‘तेवढंच’मध्ये काय येतं हे मी सगळ्यांनाच सांगते. बाहेरच्या कारणांत आमवाताशी सगळ्यात पक्का संबंध सिद्ध झालाय तो धूम्रपानाचा. बाईंचे यजमान ओट्याशी उभं राहून सिगारेट ओढतात, हे सहाव्या भेटीत कळलं. मुलीच्या बोटांवर वर्षभर पहारा आणि धूर मात्र तिच्या नाकाशी. ते गृहस्थ पुढच्या वेळी सोबत आले, ऐकून घेतलं, आणि सध्या अंगणात ओढतात. मला ते पुरेसं वाटत नाही, तसं मी त्यांना सांगितलंय. दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवा, हिरड्यांच्या जुन्या दुखण्याचा आणि आमवाताचा संबंध दिसलाय. प्राणायाम जरूर करा, झोप चांगली लागते, मन थाऱ्यावर राहतं, पण त्याने अमुक मायक्रोआरएनए सुधारतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि मुलांना कधी दाखवायचं? सांध्याला दिसण्याइतकी सूज आली आणि ती आठवडा-दोन आठवडे ओसरली नाही, मूल सकाळी लंगडत उठतं आणि दुपारपर्यंत सुटं होतं, खेळायचं टाळतं, तर डॉक्टरांकडे न्या. लहान मुलांचा संधिवात हा वेगळा आजार आहे, आईचा आमवात मुलीत सहाव्या वर्षी उतरत नाही. मोठेपणी सकाळचा आखडलेपणा तास-तास राहिला, बोटांची पेरं सुजली, तर घरात आमवात आहे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं. लवकर उपचार मिळाले तर बाईंच्या आईसारखी बोटं व्हायची वेळ आता सहसा येत नाही. त्यांच्या काळी औषधं उशिरा मिळाली. रोज पेरं दाबून यातलं काहीही लवकर कळत नाही.

सातव्या भेटीला बाई उशिरा आल्या, एसटी चुकली होती. बसल्या बसल्या सांगायला लागल्या. “सोमवारी तिने हात पुढे केले. मी त्यावर पेस्ट लावलेला ब्रश ठेवला. डोळे उघडून म्हणते, ‘बघायचं राहिलं की.’ म्हटलं, आता नाही बघायचं, दात घास.”

“मग?”

“गेली घासायला. मला मात्र दिवसभर हाताला काहीतरी चुकल्यासारखं होत होतं.”

“आणि बाहुली?”

“तिची ट्रीटमेंट चालू आहे.” बाई पर्समधून पाण्याची बाटली काढत म्हणाल्या. “पण आता रोज तपासत नाही. रविवारी, माझ्या गोळीच्या वेळेला.”