वाचकांचे प्रश्न : फाटकासमोरची गाडी कोणी हलवायची?

आमच्या बंगल्याच्या फाटकासमोर फुटपाथला उतार आहे. समोरच्या क्लासला मुलांना सोडायला येणारे पालक रोज संध्याकाळी नेमके तिथेच चारचाकी लावतात. 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' ही पाटी लावूनही फरक नाही. ऑनलाइन तक्रार 'आमच्या अखत्यारीत नाही' असे लिहून बंद झाली. जायचे कुणाकडे? (कोथरूड)

चालू स्थितीतली गाडी चुकीच्या जागी उभी असेल, तर तो वाहतूक पोलिसांचा विषय. फुटपाथ, उतार, कर्बस्टोन (फुटपाथच्या कडेचे दगड), बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) आणि बेवारस गाड्यांचे सांगाडे हा महापालिकेचा. तुमची तक्रार बहुधा चुकीच्या खिडकीवर गेली.

केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार कोणत्याही मिळकतीच्या प्रवेश-निर्गमनासमोर वाहन उभे करायला मनाई आहे. ही मनाई मुळातच आहे, त्यासाठी तुमची पाटी किंवा 'नो पार्किंग'चा सरकारी फलक असण्याची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत. मनाईच्या जागेवरची गाडी उचलायचा किंवा तिला जॅमर लावायचा अधिकार कलम १२७ मध्ये आहे. तो आदेश गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायचा, क्रेनवरच्या पोऱ्याने नव्हे.

हवा मात्र सोडू नका. दुसऱ्याच्या वस्तूचे मुद्दाम नुकसान केले म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली उलट तुमच्यावरच तक्रार होऊ शकते. शिवाय चारही चाके बसलेली गाडी तुमच्याच फाटकासमोर मुक्काम ठोकणार. पाटीवरची ती ओळ पुण्यात शोभेला ठीक आहे.

आत्ता लगेच बाहेर पडायचे असेल, घरात पेशंट असेल, तर ११२ लावा. 'गाडी चुकीची लावली आहे' असे मोघम सांगू नका. 'फाटक पूर्ण अडले आहे, गाडी बाहेर निघत नाही' असे सांगा, सोबत नंबर आणि रंग द्या. वाहनांची माहिती देणाऱ्या एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालकाचे नाव अर्धवट झाकलेले दिसते आणि मोबाइल मिळत नाही. तेव्हा मालकाला शोधण्याचे काम पोलिसांवर सोडा.

रोजच्या त्रासासाठी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकॲपवर फोटोसह तक्रार करा. तक्रारी फेटाळल्या जातात त्या बऱ्याचदा सदोष फोटोमुळे. नंबर प्लेटचा जवळून काढलेला एकच फोटो पाठवला, तर ती गाडी कुठे उभी आहे हे त्यातून कळत नाही. पहिला फोटो रस्त्याच्या पलीकडून घ्या, त्यात गाडी, फाटक, उतार आणि घराचे नाव किंवा नंबर एकाच चौकटीत आले पाहिजेत. दुसरा प्लेटचा. मोबाइलचे लोकेशन चालू ठेवा आणि पत्त्यात 'देवळाजवळ' न लिहिता रस्ता व मिळकतीचे नाव लिहा.

पण क्लास रोज भरतो आणि गाडी रोज वेगळी असते, त्यामुळे एकेका चलनाने जागा मोकळी होणार नाही. आठ-दहा दिवसांचे फोटो, तारखा आणि वेळ एका कागदावर मांडा. तो कागद जोडून तुमच्या भागातल्या वाहतूक विभागाकडे आणि पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्याकडे लेखी अर्ज द्या. मागणी नेमकी असू द्या : फाटकाच्या रुंदीएवढा पट्टा नो पार्किंग घोषित करावा, कडेला पिवळी रेघ मारावी आणि ठराविक वेळेत क्रेनची फेरी ठेवावी. पार्किंगचे असे बदल उपायुक्तांच्या आदेशाने होतात, त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचनाही मागवतात. शेजारच्या चार-पाच घरांच्या सह्या असल्या तर बरे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

फाटकासमोर कुंड्या आणि सिमेंट भरलेले डबे ठेवले तर? (सदाशिव पेठ)

रस्त्यावर ठेवलेत तर ते अतिक्रमण. महापालिकेचे पथक उचलून नेऊ शकते. रात्री दुचाकीवाला आदळला तर प्रकरण आणखी वाढेल.

फुटपाथ नवा झाला आणि आमच्या सोसायटीचा उतार गेला. आम्ही गटाराच्या कडेला सिमेंटचा उतार करून घ्यावा का? बोलार्डही हवेत, कारण दुचाक्या फुटपाथवर चढतात. (सहकारनगर)

सिमेंटचा तो उतार करू नका. फाटकाबाहेरची पाचर रस्त्याच्या कडेवर बसते, पावसाचे पाणी चेंबरपर्यंत जाऊ देत नाही, आणि पहिल्याच मोठ्या पावसात तुमच्याच पार्किंगमध्ये तळे होते. तिच्या तिरक्या कडेवरून दुचाकी घसरते ती वेगळीच.

उतार फुटपाथच्या आत, महापालिकेच्या पथ विभागाकडून करून घ्यायचा. कर्बची उंची १५० मिलिमीटर आणि चढ १ : १२ (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) धरला, तर उताराला १.८ मीटर लांबी लागते. फुटपाथच तेवढा रुंद असेल, तर सगळी रुंदी तिरकी होते आणि चालणाऱ्याचा पाय मुरगळतो. म्हणून फाटकापुरता सबंध फुटपाथ खाली घेऊन दोन्ही बाजूंनी चालण्याच्या दिशेने सौम्य उतार देता येतो का, हे कनिष्ठ अभियंत्याला जागेवर बोलावून विचारा. वाहने जाणार असल्याने पेव्हिंग ब्लॉकखालचा थरही भक्कम हवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत ब्लॉक खचतात.

बोलार्डकडून फार अपेक्षा ठेवू नका. व्हीलचेअर जायला किमान ९०० मिलिमीटर मोकळी जागा लागते आणि स्कूटर साधारण ७०० मिलिमीटर रुंद असते. म्हणजे व्हीलचेअर जाते तिथून स्कूटर जाणारच. बोलार्ड चारचाकी अडवतात, दुचाकीला इलाज कारवाईचाच. आणि हे खांब फाटकाच्या उतारावर नव्हे, त्याच्या दोन्ही बाजूंना, फुटपाथच्या तोंडाशी लागतात.

आमच्या गल्लीत पी-१, पी-२ (सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला पार्किंग) आहे. आज आमच्या बाजूची तारीख म्हणून फाटकासमोर गाडी लावणारे वाद घालतात. (नारायण पेठ)

सम-विषम तारखेने बाजू बदलते, फाटकासमोरची मनाई बदलत नाही. जाता जाता : ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम. त्या दोन दिवशी बाजू बदलत नाही, आणि सवयीने गाडी पलीकडे नेणाऱ्याची उचलली जाते.

स्वतःच्याच फाटकासमोर गाडी लावली तर? (औंध)

नियमात मालकाला सूट लिहिलेली नाही. सोसायटी असेल तर फाटक तुमच्या एकट्याचे नसतेच.

गाडी उचलून नेली, दंडही भरला, पण नोंद खरी की खोटी हे कसे पाहायचे? (वडगाव बुद्रुक)

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलनाबरोबर फोटो दिसतो. फोटोत गाडी परवानगीच्या जागी असेल, तर तिथेच तक्रार नोंदवा. पावतीशिवाय रोख देऊ नका.

वर्षभर हललेली नाही अशी धुळीने भरलेली मोटार आमच्या उताराला अर्धी आडवी आहे. (येरवडा)

आता महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या अतिक्रमण विभागाकडे जा, किंवा महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रार सेवेवर 'बेवारस वाहन' म्हणून नोंदवा. बसलेल्या टायरचा, काचेवरच्या धुळीचा आणि नंबर प्लेटचा असे तीन फोटो जोडा. प्लेट नसेल तर तेही लिहा.