क्लास न लावता, घरी बसून नीटची तयारी होईल का?

तू विचारलंयस की बारावीनंतर मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी वर्षभर ड्रॉप घ्यायचाय, क्लासची लाखाच्या वरची फी घरच्यांना झेपणारी नाही, तर घरीच अभ्यास करून सरकारी एमबीबीएस मिळेल का आणि पुस्तकं कुठली घ्यायची. (वयाने लहान असणार, म्हणून सरळ 'तू' म्हणतेय.)

मिळू शकतं. मला मिळालं, पुसदला राहून, दुसऱ्या वेळी. पण आधी पहिल्या वेळचं सांगते, तुझ्या कामाचं तेच जास्त आहे.

जुलै 2022 ला मी 180 च्या 180 प्रश्न सोडवून आले. घरी सांगितलं, साडेपाचशे कुठे गेले नाहीत. आले 720 पैकी 410. म्हणजे 118 बरोबर, 62 चूक (बरोबरला चार मार्क, चुकीला वजा एक). सगळे म्हणाले, निगेटिव्ह मार्किंगने घात केला. मीही तेच म्हणत फिरायचे. मग एक दिवस आन्सर की घेऊन बसले. चार पर्यायांत डोळे झाकून गोळा काळा केला तरी सरासरीने पाव मार्क पदरात पडतो, त्यामुळे वजा एकचा बाऊ करण्यात अर्थ नव्हता. त्या 62 मध्ये तुक्के जेमतेम पंधरा. बाकीचे मला चक्क 'येत' होते! त्यातले 23 बायोचे, आणि उत्तरं एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या अशा ओळींत, ज्यांच्यावर माझ्याच हातचा पिवळा हायलायटर फिरलेला.

शिकवायला कोणी नाही, ही अडचण आता फारशी राहिलेली नाही. यूट्यूब आहे, आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाचं 'साथी' पोर्टल फुकट आहे, एनसीईआरटीच्या पीडीएफ त्यांच्याच साइटवर आहेत. क्लासवाल्यांकडे जास्तीचं काय असतं? दर आठवड्याला ते तुला पेपरला बसवतात आणि तुला काय येत नाही ते कागदावर दाखवतात. घरी हे आपणच आपल्याला दाखवायचं, आणि तेच जिवावर येतं. पुन्हा एकदा चॅप्टर वाचणं त्यापेक्षा कितीतरी गोड.

दुसऱ्या वर्षी मी वाचन निम्मं केलं. एक टॉपिक वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि पाठकोऱ्या कागदांवर आठवेल ते लिहायचं. मेंडेलचंच बघ. सात गुण, सात गुण हे इतकं घोकलेलं की शुद्ध जाती किती निवडल्या म्हटलं तर हात आपोआप 7 लिहायचा. त्या 14. एका गुणाच्या दोन बाजू, म्हणून जोडीने. 2020 च्या पेपरात हाच प्रश्न आहे. वाचताना 14 दहा वेळा डोळ्यांखालून गेलेले. लिहायला बसल्यावर कळलं की ते डोक्यात शिरलेच नव्हते.

शिवाय एक चुकांची वही. शंभर पानी, साधी. चुकलेला प्रश्न आख्खा उतरवायचा नाही, फक्त कशामुळे चुकला ते एका ओळीत. माझ्या वहीत 'प्रश्नात चुकीचं विधान विचारलंय, बरोबर नाही' हे वाक्य डिसेंबरपर्यंत एकोणीस वेळा होतं. लाज वाटायला लागली तेव्हा थांबलं.

पेपर रविवारी, दुपारी दोनला. सकाळी नाही. खरी परीक्षा दोनला असते, साधारण मे महिन्यात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी वरण-भात खाऊन बसलं की डोळे मिटायला लागतात. मी मार्चपासून रविवारी अकरालाच जेवायचे. ओएमआर, म्हणजे गोळे काळे करायची उत्तरपत्रिका, झेरॉक्सवाल्याकडून काढून आणायची. सुरुवातीला मी वहीतच टिक करायचे आणि खूश असायचे. पहिल्यांदा ओएमआर घेतली त्या दिवशी वेळ संपली तेव्हा चाळीस गोळे कोरे होते. तेव्हा आम्हाला 3 तास 20 मिनिटं तरी मिळायची. 2025 पासून 180 प्रश्नांना 180 मिनिटंच आहेत, काही प्रश्न सोडून द्यायची मुभा देणारे जास्तीचे प्रश्नही गेले. पेपर कुठून आणायचे? मागच्या वर्षांचे नेटवर आहेतच, आणि लातूरला क्लास केलेल्या मैत्रिणीने तिचा गठ्ठा दिला होता.

पुस्तकं: बायो आणि केमिस्ट्रीला एनसीईआरटी, अकरावी-बारावी दोन्ही. राज्य बोर्डाची असशील किंवा नसशील, अकरावी तुझी कच्चीच असणार. ती कोणी मनापासून करत नाही. दादा-ताईची जुनी प्रत मात्र वापरू नकोस. 2024 ला फिजिक्समध्ये अणूवर एक प्रश्न होता. जुन्या एनसीईआरटीत 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर', नवीनमध्ये 'बहुतेक मूलद्रव्यांचे'. आधी परीक्षा घेणाऱ्यांनी दोन्ही उत्तरं बरोबर धरली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि चार लाखांहून जास्त मुलांचे पाच-पाच मार्क गेले. सिलॅबसही एनएमसीचा (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) ताजा काढून भिंतीला लाव, त्यातून बरेच टॉपिक उडालेत.

फिजिक्सबद्दल खोटं बोलणार नाही. रोटेशनल मोशनचा एक डाउट माझा चार-चार दिवस अडून राहायचा. शेवटी ज्युनियर कॉलेजच्या जुन्या सरांकडे शनिवारी आठवड्याभराचे डाउट घेऊन जायला लागले. सर नसते तर माझं अवघड होतं. तुझं अकरावीचं फिजिक्स कोरं असेल तर तेवढ्या एका विषयाची गावातच ट्यूशन लाव, हट्ट करू नकोस.

2023 ला 156 बरोबर, 20 चूक, चार सोडले. 604.

एक गोष्ट क्लासची मुलं आयती मिळवतात: फॉर्मच्या तारखा आणि कागदपत्रांची आठवण. आपल्याला कोणी फोन करत नाही. सरकारी कॉलेजांतल्या ऑल इंडियाच्या 15 टक्के जागांची नोंदणी एमसीसीकडे (केंद्राची प्रवेश समिती), राज्याच्या 85 टक्क्यांची राज्याच्या सीईटी सेलकडे, दोन्ही वेगळ्या. आरक्षणातून अर्ज करायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच टाक, निकालानंतर नको. माझा अर्ज वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावात एक काना कमी होता म्हणून अडकला होता. बाबांनी त्या एका कान्यासाठी ड्युट्या बदलून सहा फेऱ्या मारल्या, आणि प्रमाणपत्र हातात पडलं ते प्रवेशाच्या पहिल्या राउंडच्या चार दिवस आधी.