पोलीस असताना चहावालीनेच खुनी का शोधायचा?

प्रश्न : मी पहिल्यांदाच कोझी मिस्ट्री (रक्तपात न दाखवणारी, साध्या माणसाने गुन्हा उलगडायची हलकीफुलकी रहस्यकथा) लिहायला घेतलीय, नायिका चहाचं दुकान चालवते. मैत्रिणीने वाचून विचारलं की पोलीस असताना ही बाई का लुडबुड करतेय, आणि मला उत्तरच सुचलं नाही. पोलिसांना जरा मठ्ठ दाखवलं तर चालेल का?

उत्तर : नका दाखवू हो, तो सगळ्यात आळशी उपाय आहे. पोलीस हुशारच असू देत, फक्त त्यांच्यासमोर लोक तोंड उघडत नाहीत आणि काउंटरपाशी कप हातात आला की नको तेही बोलून जातात. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल बघा, 1927 मध्ये कथेत आली आणि 1930 मध्ये कादंबरीत, विणत बसलेली म्हातारी, तिच्याकडे कुणी लक्षच देत नाही आणि तेच तिचं भांडवल. चहाच्या दुकानाची आयडिया तशी नवीन नाही, लेखिका लॉरा चाइल्ड्सची अशी कादंबऱ्यांची मालिका 2001 पासून चालू आहे, त्यामुळे नुसतं दुकान असून भागणार नाही, केस चहातूनच सुटली पाहिजे.

म्हणजे कसं, तर समजा मेलेला माणूस वर्षानुवर्षं दुधाचाच चहा घ्यायचा. टेबलावर अर्धा कप कोरा चहा सापडतो. पोलीस तो लॅबला पाठवतात, विष निघत नाही, विषय संपला. तुमची नायिका मात्र रंग बघून अडते, कारण कोऱ्या चहात लिंबू पिळलं की रंग फिका पडतो आणि लिंबू टाकणारा सहसा दूध घेत नाही, दूध फाटतं ना! मग हा कप त्याचा नाहीच, समोर कुणीतरी बसलं होतं. अजून एक, कडक कोरा चहा गार झाला की गढूळ होतो, त्यामुळे 'आत्ताच तर ओतला' म्हणणारा तिथेच सापडतो (पण त्यावरून नेमकी मिनिटं काढायला लावू नका, ते पटत नाही).

एक पथ्य पाळा. इंग्लिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले होते, त्यातला एक असा की डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. काही नियम आता गमतीशीर वाटतात, हा मात्र अजून पक्का आहे. त्यामुळे लिंबाने रंग बदलतो हे शेवटच्या प्रकरणात लेक्चर देऊन सांगू नका, दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच एखादं गिऱ्हाईक 'माझा चहा पाणचट का' म्हणून भांडू दे आणि नायिका हसत समजावू दे, वाचक हसेल आणि विसरून जाईल.

रक्तबिक्त पानाबाहेरच ठेवा. आणि ते भांडणारं गिऱ्हाईकच खुनी असेल तर त्याला आधी थोडं लाडकं करून ठेवा.