जिन्यावरच्या चपलांकडे कान लावून बसणाऱ्या थोरलीला

प्रिय थोरली,

इचलकरंजीहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. वय सतरा, बारावीचं वर्ष. आई दवाखान्यात रात्रपाळीला, धाकटा भाऊ सहावीत. बाबा रोज पिऊन येतात. तू त्यांना कुशीवर झोपवतेस, उलटी पुसतेस, सकाळी दिवाणजींना फोन करून "बाबांना ताप आलाय" म्हणून सांगतेस. साडेनऊनंतर पुस्तक उघडं असतं, पण कान जिन्यावरच्या चपलांकडे. आणि शेवटी विचारतेस, "मावशी, बाटली मोरीत ओतली की ते जास्तच चिडतात. माझं कुठे चुकतंय?"

बाळा, ते पितात यात तुझी काहीच चूक नाही. व्यसन हा आजार आहे. तो तुझ्यामुळे जडलेला नाही आणि तुझ्या रडण्याने किंवा शपथा घातल्याने सुटणारही नाही.

बाटली मात्र ओतू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, नसलेलं दिसायला लागतं, फिट येऊ शकते. जिवावर बेततं. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. कुशीवर झोपवतेस ते अगदी बरोबर, त्याने उलटी घशात अडकत नाही. पण हलवूनही जागे झाले नाहीत किंवा श्वास अडखळू लागला, तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन कर.

तो तापाचा फोन मात्र थांबवायला हवा. खाड्याचं उत्तर बाबांनी स्वतः द्यावं. पगार कापला जाईल ही भीती खरी आहे, म्हणून आधी आईशी बोल. तिला सगळं ठाऊक आहे, पण तूही गप्प, तीही गप्प. समोर बोलवत नसेल तर चिठ्ठी लिही. मग आत्या किंवा कॉलेजातल्या बाई, कुणीतरी एक मोठं माणूस गाठ. घरातलं बाहेर सांगू नये, या शिकवणीने किती मुली आतल्या आत झुरल्या ते मी बघितलंय.

१४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तिथे घरच्यांनीही फोन करावा. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात १९८६मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत घरच्यांशीही बोलतात. अल-अनॉनचे गट तर नातेवाइकांसाठीच असतात, बाबा उपचाराला तयार नसले तरी तिथे जाता येतं. बाबांनी कधी हात उगारला, तर भावाला घेऊन शेजारी जा आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळव.

परीक्षेचे दिवस आत्याकडे राहून काढता येतील का, तेही आईला विचार. भावाला सोबत ने. तिच्या येत्या सुट्टीच्या दिवशीच हे बोलून घे आणि ती काय म्हणाली ते मला लिही.

तुझी,
मावशी