आठ पायांचा घोळ

प्रिय,

तुझी मेल वाचली. पेपर युरोपातल्या गटाचा, तुझं नाव तिसरं, आणि संगणकावरचा भाग तुला कळलेला नाही. तरी ‘हो’ कळवू का, म्हणतेस. नको. वहीत स्वतः सोडवलेलं नाही, त्यावर नाव घालायचं नाही.

माझंच सांगतो. लूप क्वांटम ग्रॅव्हिटीत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला क्वांटम नियम लावणाऱ्या आपल्या सिद्धांतात, क्षेत्रफळ सलग वाढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी वाढतं. रोव्हेली आणि स्मोलिन यांनी १९९५ मध्ये ते काढलं. सूत्रात प्लांक लांबीचा, म्हणजे या सिद्धांतातल्या अतिसूक्ष्म मूळ लांबीचा, वर्ग येतो. कुणी त्यात आठ पाय (८π, वर्तुळातला पाय) धरतं, कुणी नाही. माझा तिकडचा सहकारी धरणारा, मी न धरणारा. तेव्हा सेमिनार फोनवर चालायचे. स्लाइड्स आधी छापून ठेवायच्या, नुसता आवाज यायचा, ‘नेक्स्ट’ म्हटलं की पान उलटायचं. नवव्या पानावर त्याच्या-माझ्या उत्तरात पंचवीसपट फरक दिसला. मी गप्प. इंग्रजी अडखळेल, प्रश्न बावळट ठरेल. सात महिन्यांनी वहीत २५.१३ हा आकडा परत आला तेव्हा कानशिलं तापली. आठ गुणिले पाय, दुसरं काय!

कामं वाटून घ्यावीच लागतात, हे कळतं गं मला. २००६ मध्ये महास्फोटाच्या जागी उसळी (आधी आकसणारं विश्व परत प्रसरण पावू लागतं ती) दाखवली ती तिघांनी मिळून: आष्टेकर मूळचे आपल्या शिरपूरचे, पाव्लोव्स्की पोलंडचे, सिंग पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातून पीएचडी झालेले. पण संगणकाचं उत्तर त्यांनी साध्या समीकरणाशी ताडून पाहिलं. तेवढं तर तुलाही जमेल! विश्वाच्या प्रसरणाचा वेग देणाऱ्या फ्रीडमनच्या समीकरणात (१ − घनता भागिले कमाल घनता) हा गुणक घाल. घनता कमाल झाली की प्रसरणाचा वेग शून्य. झाली उसळी. अर्धं पान लागतं. मग त्यांच्याकडून कोड माग आणि एक तरी केस स्वतः चालवून बघ. वहीत आलं नाही तर नाव नाही.

मी पुढे दोन पेपरांवरून नाव काढून घेतलं. तिरसट म्हणतात मला. यादी आखूड राहिली, प्रोफेसर व्हायला उशीर झाला. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं, पण त्यातल्या एका पेपरात पुढे चूक निघालीच ना!

मंगळवारच्या कॉलआधी ते अर्धं पान मला पाठव. फोटो चालेल. पेन्सिलने लिहू नकोस, दिसत नाही मला.