बैल मागे का सरकतो?

प्रश्न : तान्ह्या पोळ्यासाठी मुलांनी पुठ्ठ्याची फिरती चकती केली. कडेला बोटभर रुंद 12 फटी, आत मान हलवणाऱ्या बैलाची 11 चित्रं. बारावं मावलं नाही. फटींतून आरशात पाहिलं तर बैल मान हलवतो, पण पुसट दिसतो आणि अख्खा मागे सरकत जातो. काय चुकलं? दृष्टिसातत्य, म्हणजे पाहिलेलं चित्र डोळ्यात क्षणभर रेंगाळणं, म्हणतात ते हेच का?
– एक शिक्षिका, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : सरकण्याचं कारण तुमच्या आकड्यांतच आहे. एका फटीनंतर दुसरी डोळ्यासमोर येईपर्यंत चकती 30 अंश फिरते, पण 11 चित्रांमधलं अंतर 32.7 अंश. पुढचं चित्र दर वेळी 2.7 अंश मागे राहतं आणि एका फेरीत बैल एक घर मागे जातो. 12 चित्रं काढा, तो जागेवर राहील. 13 काढलीत तर फिरण्याच्या दिशेनं पुढे चालेल. हेही मुलांना करू द्याच.

24 सेंमीची चकती आखल्यावर कंपास 12 सेंमीवरच ठेवून परिघावर खुणा करत जा. बरोबर 6 होतात; प्रत्येक भाग निम्मा करा. कोनमापक लागत नाही.

पुसटपणा फटींमुळे. फट 1 सेंमी असेल तर ती डोळ्यासमोरून जाईपर्यंत चित्र किमान 6 मिमी घसरतं. 3 मिमी रुंद, 25 मिमी लांब फट पुरे. उजेड घटेल, म्हणून ऊन चित्रांवर पडू द्या आणि डोळ्याकडची बाजू काळी रंगवा. चकती पऱ्हाटीच्या काडीवर टाचणीनं बसवा, मधे एक मणी घाला. भोक मध्यापासून जरा हललं तरी बैल उड्या मारतो.

1832 मध्ये बेल्जियमच्या जोसेफ प्लातो आणि व्हिएन्नाच्या सिमोन श्टाम्फर यांनी स्वतंत्रपणे अशाच चकत्या केल्या. दृष्टिसातत्यानं मात्र हालचालीचा उलगडा होत नाही. चित्रं डोळ्यात नुसती रेंगाळली असती तर एकमेकांवर चढून राखाडी पट्टा झाला असता. फटींशिवाय पाहा, तोच दिसेल. फट प्रत्येक चित्र क्षणभर सुटं दाखवते, आणि सुट्या चित्रांमधली हालचाल मेंदू जोडतो. मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्थायमर यांनी 1912 मध्ये दाखवलं की दोन रेघा सुमारे 60 मिलिसेकंदांच्या अंतरानं दाखवल्या की एकच रेघ सरकल्यासारखी दिसते. तुमची चकती सेकंदाला एक फेरी घेत असेल तर हे अंतर 83 मिलिसेकंद आहे.

12 चित्रांच्या चकतीवर एकाआड एक फट चिकटपट्टीनं बुजवून पाहा. मान झटक्या-झटक्यानं हलेल. वेग दुप्पट केला की झटके पुन्हा कमी होतील.